डॉ. जेरुशा झिराड यांची आठवण
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आम्हा परिचारिकांना बोलण्यापेक्षा कामाची सवय जास्त. तरी कार्यकारी मंडळाने आग्रह केला, म्हणून आपल्याच समाजातल्या एका थोर बाईंविषयी दोन शब्द सांगतो.

डॉ. जेरुशा झिराड यांचे आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावाचे, जन्म शिमोग्याचा. लहानपणी त्यांची बहीण फार आजारी पडली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलात डॉ. बेन्सन या इंग्रज बाईंनी तिला बरे केले. आपणही डॉक्टर व्हायचे, हे जेरुशाबाईंनी तेव्हाच मनात धरले. १९१९ साली त्यांनी लंडनची एम. डी. मिळवली. पुढे त्याच कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख झाल्या व १९४७ पर्यंत त्यांनी ते सांभाळले.

हे हॉस्पिटल १८८६ साली एका पारशी दात्याच्या देणगीतून उघडले. पुरुष डॉक्टरांपुढे न येणाऱ्या बायकांसाठी तिथे डॉक्टरही बायकाच. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, सगळ्या जातीधर्मांच्या लेकी-सुना तिथे येत, आणि प्रमुख आपली बेने इस्राएल बाई! मुंबईत बाळंतपणात बायका का दगावतात, याची पाहणीही त्यांनी केली. तिचा अहवाल १९४१ साली निघाला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८४ साली त्या वारल्या.

आता आमची एक चूक सांगतो. १९९१ च्या मे महिन्यात इथिओपियाहून दीड दिवसात १४ हजारांवर यहुदी बांधव इस्राएलात आले. त्यांतली एक गरोदर बाई आमच्या वॉर्डात होती. तिची भाषा आम्हाला येईना, आमची तिला. तिच्या तोंडून हूं की चूं नाही. कळा अजून वाढल्या नाहीत असे समजून आम्ही ओरडणाऱ्या दुसऱ्या बाईकडे धावलो. परत येऊन पाहतो, तो बाळाचे डोके बाहेर! देवाच्या कृपेने मायलेकरू सुखरूप राहिले.

मनाला लागले ते वेगळेच. आपल्या कोकणातल्या आज्या बाळंतपणात ओरडणे लाजेचे मानीत. हे आम्हाला ठाऊक असून आम्ही विसरलो. आम्ही या देशात नवीन आलो, तेव्हा आम्हीही गप्प असायचो, आणि यांना काही कळत नाही असे लोकांना वाटायचे!

त्यानंतर आम्ही अम्हारिक आणि अरबी भाषेत एवढे तरी शिकलो: कुठे दुखते? किती वेळ दुखते? गप्प बाईजवळ आधी जायचे, हा वॉर्डातला आमचा नियम झाला. झिराडबाईंनी पाहणी केली, म्हणजे तरी काय? ज्या बायकांविषयी कोणी विचारत नव्हते, त्यांच्याविषयी विचारले.

आज आपल्यातल्या कित्येक थोरांची सेवा परदेशातून आलेल्या मुली करतात. घरदार सोडून आलेल्या त्या मुलींना एकदा विचारा, "बाई, तू जेवलीस का?" भाषा न आली तरी तिला ते समजेल.

आपल्या सिनॅगॉगची अशीच भरभराट होवो. शालोम!