जात्याची घरघर आणि संपादकाचा हात



मुळशी तालुक्याचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात 1921 सालच्या धरणविरोधी सत्याग्रहामुळे आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वामुळे कायमचे नोंदले गेले आहे. परंतु याच डोंगरी मुलखात पुढे जे एक प्रचंड संग्रहकार्य आकाराला आले, त्याची ओळख त्या मानाने थोड्यांनाच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या उभयतांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामानिमित्त नांदगाव, कोळावडे यांसारख्या गावांतल्या बायाबापड्यांशी जो स्नेह जोडला, त्यातून जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवण्याचा उपक्रम वाढत गेला आणि महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या दप्तरी जमा झाल्या. 1990 नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्ही शास्त्रांचे जाणकार या कामात आले, आणि त्यांच्या परिश्रमाने सुमारे 120 तासांचे ध्वनिमुद्रणही सिद्ध झाले. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या ऐकावयास मिळतात.

कागदावरच्या ओवीला दप्तरात मुक्कामाची जागा असते. गाव, गाणारणीचे नाव, विषय यांवरून ती चटकन काढता येते. ध्वनिमुद्रणातल्या ओवीचे तसे नाही. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी कोणीतरी कान लावून बसावे लागते, ती नेमकी कुठे उठते आणि कुठे विसावते हे ठरवावे लागते, आणि मगच तिचा दाखला तयार होतो. संगणकावर हे काम करणाऱ्या संपादकासमोर ध्वनीची तरंगाकृती उमटलेली असते, आणि साध्या भाषणात विरामाच्या जागी ती रेषा सपाट होत असल्यामुळे डोळ्यांवर विसंबूनही छेद घेता येतो. जात्यावरच्या मुद्रणात मात्र सपाट रेषा म्हणून नसतेच. पाळ फिरत असते, घरघर अखंड चाललेली असते, प्रत्येक फेऱ्यागणिक ती किंचित फुगते आणि ओसरते. बाई श्वास घेते, जोडीदारीण ओळ उचलते, मध्येच दाणे वैरले जातात, आणि ‘स’ किंवा ‘ह’सारख्या हलक्या वर्णाने सुरू होणारा शब्द त्या घरघरीत असा मिसळून जातो की चित्रात त्याची खूणही दिसू नये. येथे डोळा निरुपयोगी ठरतो. येथे हवा हाताला जोडलेला कान.

चुंबकीय फितीच्या काळात तो होता. आकाशवाणीच्या जुन्या संपादकांना आठवत असेल की दोन्ही रिळांवर हात ठेवून फीत ध्वनिशीर्षावरून पुढेमागे सरकवीत जावयाचे, हवा तो वर्ण सापडला की पाठीमागे मेणपेन्सिलीने खूण करावयाची, आणि मग पात्याने तिरपा छेद देऊन तुकडे चिकटपट्टीने सांधावयाचे. सेकंदाला साडेसात इंच या गतीने चालणाऱ्या फितीवर एक सेंटिमीटर म्हणजे सेकंदाचा सुमारे एकोणिसावा भाग. इतका सूक्ष्म काळ बोटांना स्पर्शाने कळत असे. हात मंदावला की आवाज मंदावे आणि खाली उतरे, थांबला की शांतता होई, उलटा फिरला की ध्वनीही उलटा वाजे. हे कसब कोणी पुस्तकातून शिकले नाही, कारण हाताने केले तेच कानाला ऐकू येत होते.

आजच्या ध्वनिसंपादन प्रणालींत कर्सर ओढून ऐकण्याची, ज्याला या व्यवसायातले लोक स्क्रब करणे म्हणतात, ती सोय बहुधा असते. पण तिची घडण पुष्कळदा असमाधानकारक वाटते. एक तासाचे मुद्रण पडद्यावरच्या अठराशे बिंदूंत बसविले तर एकेका बिंदूच्या वाट्याला दोन सेकंद येतात, म्हणजे बोट शंभर बिंदू सरकले की तीन मिनिटांहून अधिक काळ निघून जातो आणि त्या दरम्यान कित्येक ओव्या न ऐकताच मागे पडतात. चित्र मोठे करावे तर आजूबाजूचा संदर्भ हरवतो. काही प्रणाली हात थांबला तरी तोच लहानसा तुकडा पुनःपुन्हा वाजवीत राहतात आणि स्वराची उंची कृत्रिम रीतीने कायम ठेवतात. काही ठिकाणी हाताच्या हालचालीनंतर ध्वनी येण्यास इतका विलंब होतो की योग्य जागा सापडेपर्यंत हात तिच्यापुढे गेलेला असतो.

माझे स्पष्ट मत असे की ऐकण्याची गती चित्राच्या मापापासून सोडवून घेतली पाहिजे. तासाभराचे संपूर्ण मुद्रण समोर दिसत असतानाही संपादकास सेकंदाच्या अंशात हिंडण्याची मुभा असावी. काही मोबाईलवरील गाण्याच्या प्रणालींत बोट पट्टीपासून जितके दूर न्यावे तितकी गती सूक्ष्म होते, ती तजवीज येथेही सहज करता येण्याजोगी आहे. स्वर मात्र फितीप्रमाणे खाली उतरू द्यावा. गती निम्मी केली की ध्वनी एक सप्तक खाली येतो, आणखी निम्मी केली की दोन. जात्याच्या घरघरीतला खर्जाचा भाग त्यामुळे लहान ध्वनिक्षेपकाच्या आवाक्याबाहेर जातो, आणि गाणारणीचा वर्ण उरलेल्या गदारोळातून थोडा मोकळा होतो. उलट्या दिशेनेही ध्वनी खरोखर उलटाच वाजला पाहिजे, पुढे वाजणारे तुकडे उलट क्रमाने लावून भागणार नाही. कारण ओवीचा पहिला वर्ण उलट ऐकताना अकस्मात तुटतो आणि मागे केवळ जाते उरते, ती सीमा सुलट ऐकताना इतकी स्वच्छ क्वचितच लागते. हाताची खूण ज्या क्षणी पडली तो क्षण प्रणालीने स्वतःच्या सोयीने पुढेमागे सरकवू नये, हेही ओघाने आलेच.

दृष्टिहीन संपादकांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. त्यांना तरंगाकृतीचा काडीचाही उपयोग नाही, आणि स्क्रब करणे हा त्यांचा मोठा आधार आहे. ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य प्रणालीत कळफलकावरील कळ दाबून धरून पुढे किंवा मागे ऐकत जाण्याची व्यवस्था आहे. ती मोलाची आहे, परंतु गती बोटांच्या दाबाने बदलावी, किंवा फिरवता येणारी एखादी चकती तिला जोडता यावी, येथपर्यंत तिचा विस्तार झाला पाहिजे. ज्या प्रणालीत डोळे मिटून ओवीचा आरंभ सापडतो, तीच प्रणाली डोळसांसाठीही चांगली, अशी माझी धारणा आहे. आणि या कसोटीसाठी स्टुडिओतल्या निःशब्द खोलीतले स्वच्छ भाषण न निवडता प्रणालीकारांनी मुळशीतल्या दोघीजणींनी खुंटा धरून गायिलेले तासाभराचे मुद्रण समोर ठेवावे, पडदा बंद करावा, आणि दुसरी ओवी कुठे सुरू होते ते शोधून दाखवावे.