घोड्याचा तंग



आज आपण घोड्याच्या तंगाविषयी बोलू. खोगीर जागेवर राहावे म्हणून घोड्याच्या छातीखालून जो पट्टा बांधतात तो तंग. पट्टा तो केवढा, आणि त्यावर भाषण कसले, असे कोणी म्हणेल. पण नवरदेव आणि त्याच्यापुढे बसलेले लहान पोर, या दोघांचा जीव त्या पट्ट्यावर असतो. घोडेवाल्याची लगीनसराईची कमाईही त्याच्यावरच असते.

पाचोऱ्याकडे आता टांगे गेले, रिक्षा आल्या. घोडा राहिला तो वरातीपुरता. आणि वरातीतले काम वाटते तितके सोपे नाही. नवरदेव बहुधा जन्मात पहिल्यांदाच घोड्यावर बसतो. डाव्या रिकिबीत पाय घालतो आणि सारा भार त्या एका बाजूला टाकतो. खोगीर तिकडे कलते. तेवढ्यात बँड सुरू होतो, फटाक्यांची माळ लागते. घोडा बुजतो. अशा वेळी खोगीर पोटाखाली गेले की घोडा लाथा झाडीत उधळतो, आणि बसणारा पडतो तो त्याच्या पायांपाशी.

मग घोडेवाला काय करतो? तंग आवळतो. घोडा कान मागे टाकतो, चावायला वळतो, तरी आवळतोच. आम्हाला हे पसंत नाही. खोगीर सरकले म्हणजे तंगच ढिला होता, असे नेहमी नसते. कधी खोगीरच त्या पाठीचे नसते. दुसऱ्या घोड्याचे आणून याच्यावर टाकलेले असते. कधी खाली दोन-दोन गोधड्या कोंबलेल्या असतात, त्यामुळे खोगीर उंच होते आणि डुलते. कधी आतला भुसा एका बाजूला दबलेला असतो. बिनकामाच्या माणसांच्या गर्दीला आपण खोगीरभरती म्हणतो, पण खऱ्या खोगिराची भरती फार कामाची असते बरं का! ती दोन्ही बाजूंना सारखी पाहिजे. घोडा गोल, लठ्ठ असेल आणि खांद्यावरचा उंचवटा बसका असेल, तर त्याच्या पाठीवर खोगीर फिरणारच. त्याला छातीपट्टा आणि शेपटीखालची दुमची लावावी. नुसता तंग आवळून ते दुखणे जात नाही.

आता तंग कसा निवडावा ते पाहू. तो रुंद असावा. अरुंद पट्टा कातडीत रुततो. रुंद पट्ट्याचा दाब पसरतो, म्हणून तो कमी आवळूनही पकड धरतो. दोरी किंवा सुतळी तर कधीच बांधू नये. नायलॉनचा पट्टा स्वस्त मिळतो, पण तो घाम पीत नाही. वैशाखात आपल्याकडे ऊन चाळीस अंशांच्या वर जाते. घाम, धूळ आणि नायलॉन एकत्र आले की कातडी सोलते. चामड्याचा तंग चांगला, पण त्याला तेल देऊन मऊ ठेवावे लागते. नाहीतर तो वाळून करकरीत होतो आणि ऐन वेळी तुटतो. आपला कापसाचा मुलूख. खाटेला लावतात तशी जाड सुती नवार दुहेरी शिवून घेतली, तरी चांगला तंग होतो. घाम पितो, धुता येतो.

माप अंदाजाने घेऊ नये. खोगीर जागेवर ठेवा. एका बाजूच्या वादीच्या मधल्या भोकापासून पोटाखालून दुसऱ्या बाजूच्या मधल्या भोकापर्यंत दोरी धरा. तेवढी तंगाची लांबी. म्हणजे घोडा वाळला तरी आवळायला भोके उरतात, माजला तरी सोडायला उरतात. बकल पुढच्या पायाच्या कोपरामागे येता कामा नये, तिथे दर पावलाला घासते. तंगाची जागा कोपरामागे साधारण चार बोटे.

बांधण्याचीही रीत आहे. घोडा हुशार जनावर. तंग आवळताना तो छाती फुगवतो, मग सोडतो, आणि तंग ढिला पडतो. म्हणून आधी बेताचा बांधा, घोडा दहा-वीस पावले चालवा, मग एक-दोन भोके आवळा. पुढचा एकेक पाय उचलून हलकेच पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी मोकळी होते. तंगाखाली दोन बोटे सपाट जातील एवढाच तो घट्ट असावा. नवरदेवाला ओट्यावरून किंवा स्टुलावरून बसवा, आणि दुसऱ्याने समोरची रिकीब दाबून धरावी. निम्मे सरकणे एवढ्यानेच थांबते.

काम झाल्यावर तंगाखालची जागा हाताने चाचपून पाहा. केस उडालेत का, कातडी गरम लागते का, सूज आहे का? असेल तर दुसऱ्या दिवशीची सुपारी घेऊ नका. एक वरात बुडाली तर बुडाली. त्या जागेची जखम झाली तर ती भरेपर्यंत तंग बांधता येत नाही, आणि तेवढ्यात मुहूर्त सरतात. शिवाय जखमी जनावर कामाला जुंपणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. जखम दिसली की जनावरांच्या दवाखान्यात दाखवावे.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. सामानाची दुकानेही असतात. तिथे गोंडे, आरसे, झालर पाहून माणूस भुलतो. आधी तंग पाहावा. उलटा करून शिवण पाहावी, बकलाचा काटा ओढून पाहावा, पट्टा गालावर घासून पाहावा. आपल्या गालाला टोचला तर घोड्याच्या काखेला टोचणारच.

बाहेर काही जणांनी घोडे आणले आहेत. दोरी घेऊन चला, मापे तिथेच घेऊ.