पाठमोरा चार्ली

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

व्यासपीठावरचे आमचे सर आणि बाई, आणि साठी ओलांडली तरी अजून मागच्या बाकांवरच जाऊन बसलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, तुझ्या नोकरीबद्दल बोल. छत्तीस वर्षं मी कर्णबधिर मुलांना शिकवलं. पण हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा लगेच गंभीर होतो. 'किती पुण्याचं काम' असं म्हणून तो पुढचं ऐकायचंच थांबवतो. म्हणून मी ठरवलं, नोकरीबद्दल नाही बोलायचं. त्या वर्गात आम्ही काय बघून हसायचो, त्याबद्दल बोलायचं. आम्ही मूकपट बघायचो. त्यातही मुख्यतः चार्ली चॅप्लिन.

एक प्रसंग सांगते. 1921 सालचा 'द आयडल क्लास' नावाचा छोटा चित्रपट आहे. त्यात एक श्रीमंत, दारूच्या आहारी गेलेला नवरा आहे. बायकोची चिठ्ठी येते : दारू सोडेपर्यंत मी वेगळी राहणार. तो चिठ्ठी वाचतो, तिची तसबीर बघतो आणि आपल्याकडे पाठ करून टेबलाशी उभा राहतो. खांदे हलायला लागतात. हळूहळू सगळं अंग गदगदतं. आपल्याला वाटतं, बिचारा रडतोय. मग तो वळतो, तर हातात भांडं! तो दारूचं मिश्रण हलवत असतो.

आमच्या वर्गात हा तुकडा मी वर्षाला एकदा तरी दाखवला असेल. दर वर्षी एक गोष्ट हटकून व्हायची. पहिल्या क्षणी मुलं गप्प होत. पाठ वाचण्यात ती मुलं तरबेज असतात. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या असल्या तरी त्या रागावल्यात की दमल्यात, हे त्यांना पाठीवरून कळतं. (मित्रांनो, आपल्याला तेव्हा हे जमलं असतं तर बरेच फटके वाचले असते.) आणि चार्ली वळला की सगळा वर्ग बाकं बडवायचा. पण एकदा एका मुलानं मला खुणेनं विचारलं, 'बाई, तो रडतही असेल ना? दारू हलवता हलवता?' मी तो तुकडा पुन्हा लावला. बघता बघता मलाही ठरवता येईना. हसणं आणि रडणं यांत खांदे सारखेच हलतात, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आता थोडा इतिहास. इतिहासाचे सर समोर आहेत, म्हणून सनावळ्या नीट सांगते. 1913 च्या 3 मे रोजी गिरगावात कोरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हापासून जवळजवळ अठरा वर्षं आपल्याकडचा सिनेमा मुकाच होता. मध्ये मध्ये पाट्या यायच्या, त्या वाचायच्या. म्हणजे वाचता येणाऱ्या बहिऱ्या माणसाला त्या अंधारात इतरांइतकंच कळत होतं. तिकीटही तेच आणि सिनेमाही तोच. मग 14 मार्च 1931 ला त्याच गिरगावात मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलायला लागला. आपण तो दिवस साजरा करतो, आणि करावाच. पण त्या दिवसापासून कर्णबधिर माणसं थिएटरच्या बाहेर पडली. ही बाजू पुस्तकात सहसा नसते. मला ती आमच्या शाळेतल्या सुतारकामाच्या वृद्ध मास्तरांनी दाखवून दिली. ते स्वतः जन्मापासून बहिरे. 'आमच्याकडून काढून घेतला' असं ते हातांनी सांगायचे, आणि 'काढून घेतला'ची खूण अशी करायचे की जणू कुणी खिशातून पाकीट मारलंय.

अमेरिकेत हे चार वर्षं आधीच घडलं होतं. 1927 मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळे स्टुडिओ बोलपटांकडे वळले. चार्ली वळला नाही. 1928 च्या अखेरीस त्यानं 'सिटी लाइट्स'चं चित्रण सुरू केलं, तेही संवादांशिवाय. जानेवारी 1931 मध्ये तो प्रदर्शित झाला, म्हणजे आपल्या 'आलम आरा'च्या दीड-एक महिना आधी. त्याला संगीत आहे, ते चार्लीनं स्वतः रचलेलं. पण पात्रं बोलत नाहीत. सुरुवातीला पुतळ्याच्या अनावरणाला मान्यवर भाषणं करतात, तेव्हा त्यांच्या तोंडून नुसती पिपाणी वाजते. (अध्यक्षमहोदय, हे मी कुणाला उद्देशून म्हणत नाही.) याच प्रसंगात पुतळ्याचा शिल्पकार म्हणून एक गृहस्थ दिसतात. ते ग्रॅनव्हिल रेडमंड, निसर्गचित्रं काढणारे नामांकित चित्रकार. लहानपणी आजारपणात त्यांची श्रवणशक्ती गेली होती. चार्लीचे ते मित्र. चार्लीनं त्यांना आपल्या स्टुडिओच्या आवारात चित्रं काढायला जागा दिली होती, चित्रपटांतून छोटी कामं दिली, आणि त्यांच्याशी तो हातांच्या खुणांनी बोलत असे. हे मला कळलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी वर्गात चित्र थांबवून त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि खूण केली, 'आपल्यातला'. त्यानंतर कित्येक दिवस मुलं त्या चित्रपटात चार्लीच्या आधी रेडमंडना शोधायची.

तेव्हा आमच्या शाळेत, त्या काळच्या बहुतेक शाळांसारखी, तोंडानं बोलण्याचीच सक्ती होती. वर्गात हात हलवले की हात खाली ठेवायला सांगायचे. मुलं खुणा शिकली ती मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात. तेव्हा संपूर्ण अंगानं बोलणारा आणि त्याबद्दल जगानं डोक्यावर घेतलेला माणूस पडद्यावर बघणं, याचा त्या मुलांना काय अर्थ होता तो तुम्हीच समजून घ्या.

'सिटी लाइट्स' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. एक भटक्या आणि एक आंधळी फुलवाली. तिला वाटतं की हा कुणी श्रीमंत माणूस आहे. आता अडचण बघा. आंधळ्या मुलीचा गैरसमज व्हायचा तर तो कानानं व्हायला हवा, आणि चित्रपट तर मुका! या एका प्रसंगासाठी चार्लीनं 300हून अधिक वेळा कॅमेरा चालवला. उत्तर सापडलं ते मोटारीच्या दारात. रस्त्यावर मोटारींची कोंडी झालेली असते. पोलिसाला चुकवायला भटक्या एका उभ्या मोटारीच्या एका दारातून आत शिरतो आणि दुसऱ्या दारातून पदपथावर उतरतो. दार लागतं. मुलगी त्या आवाजाच्या दिशेनं फूल पुढे करते. फूल खाली पडतं, ती चाचपडते, आणि त्याला कळतं की हिला दिसत नाही. तो खिशातलं शेवटचं नाणं देतो. तेवढ्यात खरा मालक येऊन मोटारीत बसतो, दार लावतो, मोटार निघून जाते. तिला वाटतं, साहेब सुटे पैसे न घेताच गेले. भटक्या तिथंच उभा. आता तो बोलला तर तिचं स्वप्न मोडेल, म्हणून तो चवड्यांवर, आवाज न करता निघून जातो.

मला धास्ती होती की आमच्या मुलांना यातलं काहीच कळणार नाही. दाराचा आवाज म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांना हे कसं समजणार? पण सहावीतल्या एका मुलीनं सगळ्या वर्गाला ते समजावून सांगितलं. तिनं आधी मोटारीचं दार लावल्याची खूण केली, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. दार लागलं की धक्का अंगाला बसतो, एवढं तिला पुरेसं होतं. त्या चित्रपटात चार्ली एका मेजवानीत शिट्टी गिळतो आणि त्याला उचक्या लागतात. शिट्टी ऐकू न येताही मुलं हसली. कारण प्रत्येक उचकीला बाहेर टॅक्सी येऊन थांबत होती आणि मग कुत्री मागे लागली होती.

बरं, फुलवालीचा प्रसंग तिथं संपत नाही. तो हळूच परत येतो, तिच्याजवळ बसून तिला बघत राहतो. आपले डोळे पाणावायच्या बेतात असतात. आणि ती नळावर भांडं विसळून पाणी भिरकावते ते थेट त्याच्या तोंडावर. तो ओरडूही शकत नाही. ही चार्लीची खरी कमाई. दुसरा कुणी असता तर व्हायोलिन वाजवून तिथंच थांबला असता.

त्याच्या आत्मचरित्रात लहानपणची एक आठवण आहे. त्यांच्या गल्लीच्या टोकाला खाटिकखाना होता. एकदा तिथून एक मेंढी सुटली आणि रस्त्यानं पळत सुटली. तिला पकडायला माणसं धावतायत, पडतायत, धडपडतायत. सगळी गल्ली हसतेय, छोटा चार्लीही. मग मेंढी सापडते, तिला परत आत नेतात, आणि त्याला एकदम कळतं की आता ती मरणार. तो रडत आईकडे धावतो. आपल्या पुढच्या चित्रपटांची जात कदाचित त्या दिवशी ठरली असेल, असं त्यानं लिहिलंय.

आणि त्याला रडायला दुसरी कारणंही कमी नव्हती. 1889 चा जन्म. वडील दारूनं अकाली गेले. आई रंगभूमीवरची गायिका. तिचा आवाज गेला, मग मानसिक आजारानं तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. वयाच्या सातव्या वर्षी तो लंडनच्या लँबेथमधल्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात होता. 'द किड'मध्ये अनाथाश्रमाची माणसं पोराला गाडीत घालून नेतात आणि भटक्या छपरांवरून त्या गाडीचा पाठलाग करतो, तो प्रसंग बघताना हे माहीत असलेलं बरं. तेही 1921 चं. त्या छोट्या जॅकी कूगननं रडण्याचं जे काम केलंय, त्याला तोड नाही. पुढे मोठेपणी त्याला कळलं की त्याची बालपणीची कमाई घरच्यांनीच उडवली. त्याच्या खटल्यानंतर 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या पैशांचं रक्षण करणारा कायदा झाला. म्हणजे पडद्याबाहेरही ती गोष्ट सुखाची नव्हती.

'द गोल्ड रश'मध्ये तो उपाशीपोटी बूट उकळून खातो. नाड्या शेवयांसारख्या काट्याला गुंडाळतो, खिळे हाडांसारखे चोखतो. चित्रणातला बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता. आमच्या वसतिगृहात दुष्काळी भागातून आलेली मुलं होती. इतर सगळी हसत असताना त्यांतला एक मुलगा हसला नाही. नंतर त्यानं मला गंभीरपणे सांगितलं, 'नाड्या शेवटी खायला हव्या होत्या. त्या जास्त वेळ पुरल्या असत्या.' आता यावर हसायचं की काय करायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. आमच्या मोठ्या मुलांना चार्लीपेक्षा बस्टर कीटन जास्त आवडायचा. कधीही न हसणारा तो माणूस. 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते, आणि तो उघड्या खिडकीच्या चौकटीत नेमका उभा असल्यामुळे वाचतो. ती भिंत खरी होती. 'चार्लीला आपण आवडावं असं वाटतं, याला नाही वाटत' असं एकानं मला सांगितलं. समीक्षक काय वेगळं सांगतात!

पण शेवटी आम्ही 'सिटी लाइट्स'कडेच यायचो. भटक्यानं दिलेल्या पैशांतून त्या मुलीवर शस्त्रक्रिया होते, तिला दिसायला लागतं, तिचं फुलांचं दुकान होतं. तो तुरुंगातून सुटून येतो, फाटका. रस्त्यावरची पोरं त्याची टर उडवतात आणि ती काचेआडून बघून हसते. मग दया येऊन त्याला फूल आणि नाणं द्यायला बाहेर येते, आणि हाताला हात लागतो तेव्हा तिला कळतं की हाच तो. इतका वेळ चार्लीनं कॅमेरा लांब ठेवलेला असतो, त्याचं सगळं अंग दिसावं म्हणून. इथं तो जवळ आणतो. फूल तोंडाशी धरून तो बघतोय. संपलं. तिनं त्याला स्वीकारलं की नाही, हे सांगितलेलंच नाही.

यावरून नववीच्या वर्गात एकदा भांडण जुंपलं. एकीचं म्हणणं, तिला दिसायला लागलं, मग तिला वाईट का वाटावं? दुसरा म्हणाला, तिला वाईट नाही, लाज वाटली. ती आत्ताच त्याला हसली होती. तिसऱ्यानं विचारलं, मग आपणही आत्ताच हसलो होतो, त्याचं काय? वर्गात हात नुसते भिरभिरत होते. तोवर खुणांवरची बंदी उठली होती, नाहीतर हे भांडण झालंच नसतं.

कोपऱ्यात एक मुलगी गप्प बसली होती. तिच्या कानाची शस्त्रक्रिया उशिरा, सातव्या वर्षी झाली होती. सगळ्यांचं झाल्यावर तिनं खूण केली, 'मला वाटलं होतं आईचा आवाज वेगळा असेल.'

मी विचारलं, 'मग?'

'मग काय? आई आहे ना ती.'

संयोजक घड्याळ दाखवतायत. चहानंतर चित्रकलेच्या वर्गात मी 'सिटी लाइट्स' लावणार आहे, जेमतेम दीड तासाचा आहे. पुढच्या खुर्च्या सरांसाठी आणि बाईंसाठी ठेवल्या आहेत. ज्यांनी श्रवणयंत्रं घरी विसरलीत, आणि तशा तीन जणांना मी सकाळपासून ओळखलंय, त्यांनीही खुशाल यावं.