घोट आणि घास : एका बँकवाल्याचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



या हॉलमध्ये मी आजवर उभा राहिलो तो बहुतेक वेळा खजिनदार म्हणून. थकबाकी, सिंकिंग फंड, लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च. मी उभा राहिलो की निम्मे लोक घड्याळ बघायला लागतात, हे मला माहीत आहे. या वेळी सेक्रेटरी म्हणाले, "काका, पैशांवर नको, तब्येतीवर बोला." मी म्हटलं, बोलतो, पण हिशेब सोडून मला काही येत नाही. तेव्हा आजही थोडा हिशेब ऐकावा लागेल. आणि एक आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, १९९९ साली आपण इथे राहायला आलो तेव्हा मी चांगलाच लठ्ठ होतो. मुलं मला लिफ्टमध्ये बघून म्हणायची, "काकांना जाऊ दे, आपण नंतर जाऊ." मग २००९ साली मी भराभर बारीक झालो. कुणाला वाटलं मधुमेह बळावला, कुणी त्याहून वाईट शंका घेतली. विचारलं तर मी सांगायचो, "डाएट आणि सकाळचं चालणं." मंडळी, ते खोटं होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये मी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. गॅस्ट्रिक बायपास. वय ५७, वजन ११८ किलो, मधुमेह, रक्तदाब, आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून हा मार्ग सुचवला. आमच्या सौ. आणि मुलगी सोडून कुणाला सांगितलं नाही. ऑफिसात हर्नियाचं ऑपरेशन म्हणून रजा टाकली. लाज वाटत होती. लोक म्हणतील, तोंडावर ताबा ठेवता आला नाही म्हणून पोट कापून घेतलं.

आज सांगतोय, कारण मागच्या महिन्यात आपल्याच सोसायटीतला एक तरुण माझ्याकडे आला. नाव सांगत नाही. त्याचंही असंच ऑपरेशन झालं आहे. त्याला कुठून तरी माझं कळलं असावं. म्हणाला, "काका, ऑपरेशन जमलं. पण ऑफिस सुरू झाल्यापासून खायला-प्यायला वेळच मिळत नाही. तुम्ही कसं केलंत?" मी त्याला दोन तास सांगत बसलो. तो गेल्यावर सौ. म्हणाल्या, "हे सगळ्यांना सांगा की." म्हणून हे भाषण.

आधी अडचण समजून घ्या. बायपासमध्ये जठराचा वरचा भाग वेगळा करून अंड्याएवढी छोटी पिशवी ठेवतात आणि ती पुढच्या आतड्याला जोडतात. सुरुवातीला तिच्यात जेमतेम दोन-तीन मोठे चमचे मावतात. पुढे थोडी जागा होते, पण पूर्वीसारखं ताट भरून जेवणं संपलं. पहिले काही आठवडे पातळ, मग गाळून-वाटून, मग मऊ असं चढत जायचं. त्या दिवाळीत घरात चकल्यांचा वास सुटला होता आणि मी वाटीत पातळ वरण घेऊन चहाच्या चमच्याने खात होतो.

आता हिशेब. आहारतज्ज्ञ बाईंनी मला कागदावर लिहून दिलं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं. पाणी दीड ते दोन लिटर. खाणं पाच वेळा, थोडं थोडं. प्रत्येक खाण्याला वीस ते तीस मिनिटं, घास बारीक चावून. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यानंतर अर्धा तास पाणी नाही. कारण पिशवी पाण्यानेच भरली तर अन्नाला जागा राहत नाही, शिवाय पाण्याबरोबर अन्न लवकर खाली सरकतं. पाणीसुद्धा गटागटा नाही, घोट-घोट.

मी बँकेतला माणूस. लगेच मांडणी केली. जागेपणाचे १६ तास धरा. पाच खाणी, प्रत्येकाला अर्धा तास खायला आणि अर्धा तास पाणी बंद, म्हणजे पाच तास गेले. उरले ११. त्यात दीड लिटरच्या वर पाणी बसवायचं तर तासाला १५० मिली. अर्ध्या ग्लासापेक्षा थोडं जास्त. कागदावर किती सोपं! एक तास चुकला तर पुढच्या तासात दुप्पट प्या. पण दुप्पट पिता येत नाही, पिशवीत मावतच नाही. बँकेत हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात दोन भरता येतात. इथे चुकलेला हप्ता भरून काढायची सोय नाही. हे मला फार उशिरा कळलं.

मी तेव्हा दादरच्या शाखेत मॅनेजर होतो. ठाण्याहून सकाळची गाडी, नऊ-सव्वानऊला केबिनमध्ये. समोर कायम दोन माणसं बसलेली आणि तिसरं दारात. दुपारच्या जेवणाची वेळ ठरलेली, पण मॅनेजरला ती नसते. झोनल ऑफिसचा फोन नेमका तेव्हाच येतो. एकदा फोनवर बोलता बोलता पोळीचा तुकडा न चावता गिळला. तो छातीत असा अडकला, की वीस मिनिटं बाथरूममध्ये वाकून उभा होतो. बाहेर कर्जदार वाट बघतोय. त्या दिवसापासून खाताना फोन नाही.

दुसरा प्रसंग पेढ्यांचा. कुणाचं घराचं कर्ज मंजूर झालं की मॅनेजरच्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स येतोच. जानेवारीत एक जोडपं आलं, पहिलं घर. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. नाही कसं म्हणणार? दोन पेढे खाल्ले. पंधरा-वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ. मला वाटलं, हार्ट अटॅक आला. केबिनचं दार लावून खुर्चीत मागे डोकं टेकून पडलो. नंतर डॉक्टर म्हणाले, याला डंपिंग म्हणतात. साखर एकदम आतड्यात गेली की असं होतं. तुम्हाला हे आधीच सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. पण माझ्या टेबलावर पेढे येतात, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आणि तिसरा प्रसंग, ज्यासाठी मी आज उभा आहे. ३१ मार्च २००९, मंगळवार, वार्षिक क्लोजिंग. ज्यांच्या घरात बँकवाले आहेत त्यांना सांगायला नको. सकाळी आठला शाखेत पोचलो. सौ.नी पाच छोटे डबे दिले होते, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून वेळ लिहिलेली. पहिला डबा उघडला, बाकीचे चार पिशवीतच राहिले. पाण्याची बाटली टेबलावर होती, पण तिच्यावर फायली आल्या. मध्ये दोन कप चहा घेतला, तोही सगळ्यांबरोबर घ्यायचा म्हणून. रात्री साडेदहाला टॅली झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार. पुढचं आठवतं ते हॉस्पिटलातलं. हाताला सलाईन, आणि शेजारी स्टुलावर आमच्या शाखेचे शिपाईमामा बसलेले. त्यांच्या मांडीवर माझी पिशवी, आत चार भरलेले डबे.

शरीरातलं पाणी कमी झालं होतं, बाकी काही नाही. पण मामांनी पिशवीतले डबे बघितले होते. हळूच म्हणाले, "साहेब, हर्नियावाला माणूस असं पाच-पाच चमचे खात नाही. माझ्या मेहुणीचं असंच ऑपरेशन झालंय." म्हणजे मी सहा महिने ज्यांच्यापासून लपवत होतो, त्यांना सगळं दिसत होतं. फक्त मी सांगितलं नव्हतं म्हणून कुणी मदत करू शकत नव्हतं.

२ एप्रिलला मी स्टाफला बोलावून खरं सांगितलं. कुणी हसलं नाही. एका क्लार्कने वजनाबद्दल स्वतःचं काही सांगितलं, ते तिचं आहे, इथे नको. त्या दिवसापासून मामा दर तासाला १५० मिलीचा एक छोटा स्टीलचा पेला भरून ठेवायचे आणि आधीचा रिकामा झाला का ते बघायचे. भरलेला दिसला तर उभेच राहायचे. समोर कितीही मोठा खातेदार असो, मामा हलत नसत. दुपारी दीड ते दोन केबिनबाहेर 'साहेब कामात आहेत' अशी पाटी. खोटं नव्हतं, जेवणं हेच काम होतं. पेढे आले की मी बॉक्सला हात लावून नमस्कार करायचो आणि तो काउंटरवर पाठवायचो. कुणालाही वाईट वाटलं नाही.

त्या दिवसांतला माझा तक्ता सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. सहाला उठलो की घोट-घोट पाणी. सातला एक उकडलेलं अंडं किंवा मुगाचं छोटं धिरडं, आणि दुधात डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर. आठनंतर गाडीत बाटली हातात, बॅगेत नाही. बॅगेत ठेवली की गर्दीत काढता येत नाही. साडेदहाला पनीरचे पन्नास ग्रॅम तुकडे, त्यात आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं येतात. दीड वाजता आधी घट्ट डाळ किंवा उसळ, मग भाजी, जागा उरली तर चतकोर पोळी. क्रम महत्त्वाचा. पोळी-भात आधी खाल्ला तर प्रथिनांना जागाच उरत नाही. साडेचारला घट्ट दही किंवा अंडं. रात्री आठला पुन्हा दुपारसारखंच. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात किमान दोन तास, आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा नाही. सोडा, कोल्ड्रिंक बंद. गुडघा दुखला म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घ्यायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. हे माझं गणित आहे. तुमचं तुमच्या डॉक्टरांनी घालून द्यायला हवं.

दीड वर्षात वजन ८१ किलोवर आलं. मधुमेहाची औषधं डॉक्टरांनी कमी करत आणली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळले. जे मुळातच थोडे होते, त्यामुळे नुकसान फार नाही.

तुम्ही म्हणाल, निवृत्त झाल्यावर सुटलात. उलट. २०११ साली निवृत्त झालो आणि वाटलं, आता वेळच वेळ. घड्याळ सुटलं, मामांचा पेला सुटला. येता-जाता चिमूटभर शेव, अर्धं बिस्कीट. चिमूट-चिमूट खाण्याने ती छोटी पिशवी कधी भरत नाही आणि तोंड कधी थांबत नाही. दोन वर्षांत सात किलो परत आले. गोळ्यांचाही कंटाळा केला, तर पायाला मुंग्या यायला लागल्या. तपासलं तर बी-१२ फार कमी. ही औषधं आणि दरवर्षीची रक्ततपासणी जन्मभराची आहे, हे विसरलो होतो. म्हणजे काम होतं म्हणून खाणं राहिलं, आणि काम नव्हतं म्हणून खाण्याला धरबंध राहिला नाही. रोग एकच. खाण्या-पिण्याला मी दिवसात जागाच नेमून दिली नव्हती, उरलेल्या वेळेत ते ढकलत होतो. तेव्हापासून तो तक्ता पुन्हा फ्रिजवर लावला आहे. आता पेला सौ. ठेवतात आणि त्यांचा पेला मी. त्यांचं ऑपरेशन झालेलं नाही, पण दिवसभर पाणी न प्यायची सवय त्यांनाही होतीच. आपल्या सोसायटीतल्या किती गृहिणींना असेल, ते विचारून बघा.

सौ.बद्दल एक सांगायलाच हवं. चाळीस वर्षं त्यांनी मला पोटभर वाढलं. मी वाटीभरच खायला लागलो तेव्हा त्यांना वाटलं, आपल्या हाताची चव गेली. मी त्यांना नीट समजावलं नाही, नुसतं ताट सरकवत राहिलो. त्याबद्दल आज सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो.

आता सोसायटीला विनंती. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम. सत्यनारायणाच्या पूजेला मी प्रसाद चिमूटभर घेतो तेव्हा, "मोठे साहेब, आमच्याकडचं चालत नाही वाटतं," असं ऐकलं आहे. बोलणाऱ्यांचा राग नाही, मीच कधी कारण सांगितलं नव्हतं. पण यापुढे कुणी थोडं खाल्लं किंवा पंगतीत पाणी नको म्हटलं, तर एकदाच विचारा आणि सोडून द्या. रविवारच्या स्नेहभोजनात छोट्या वाट्या आणि छोटे चमचे ठेवायला मी केटरर्सना सांगितलं आहे. ज्यांना हवे त्यांनी न लाजता घ्यावेत. लहान मुलांसाठी ठेवलेत असं समजू नये. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत दर तासाला पाच मिनिटं पाण्याची सुट्टी असावी, असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक शोधतो आहे.

आणि त्या तरुणाला, तो इथे कुठे बसला असेल तर. बाळा, तुझ्या साहेबांना उद्याच सांग. सगळं नको सांगूस, एवढंच सांग की मला दर तासाला दोन मिनिटं आणि दुपारी अर्धा तास लागतो. मी सहा महिने गप्प राहिलो आणि सलाईन लावून घेतलं. तू नको लावून घेऊस.

माझं पाणी प्यायची वेळ झाली आहे. इथेच थांबतो.