बचावपटूचा जमाखर्च



कबड्डीच्या मुलखात फुटबॉलवर बोलायला उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम. म्हणून प्रारंभ कबड्डीनेच करतो. चढाईचा गडी आत शिरतो, कोपऱ्यातला गडी त्याचा घोटा धरतो, साखळी धावून येते, आणि पंच गुण देतात. चढाईला गुण, तसा पकडीलाही गुण. हा न्याय मला फार आवडतो. फुटबॉलात तो नाही. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते, वर्तमानपत्रात येते, पोरांच्या तोंडी बसते. ज्याने गोल होऊ दिला नाही त्याच्या नावापुढे काहीच नाही. न घडलेल्या गोष्टीची नोंद ठेवणार तरी कोण?

मग बचावपटूचे मोल ठरवायचे कशावर? माझ्या मते, वर्षांवर. ज्याला अडवता येत नाही त्याला कोणताही क्लब दहा-पंधरा वर्षे पोसत नाही. इटलीचे पावलो माल्दिनी १९८५ साली, सोळा वर्षांचे असताना, मिलान क्लबाकडून मैदानात उतरले आणि २००९ साली, चाळिशी गाठून, थांबले. एकाच क्लबासाठी ९०२ सामने! त्यांचे गोल किती, हे मात्र विचारू नका. तो त्यांचा धंदाच नव्हता.

पण इटलीला कशाला जायचे? कोकण रेल्वेने सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत मडगावला पोचतो. तीच तांबडी माती, तोच समुद्र. तिथल्या दोघांविषयी मला सांगायचे आहे : महेश गवळी आणि समीर नाईक.

गवळी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडले. चर्चिल ब्रदर्स, कलकत्त्याचे ईस्ट बंगाल, मुंबईचे महिंद्र युनायटेड, मग गोव्याचेच धेंपो असा त्यांचा प्रवास. २००३ साली जकार्त्यात आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालच्या संघात ते होते. नाईक यांचे उलटे. ते धेंपोचे म्हणूनच ओळखले गेले, तिथेच कर्णधार झाले. २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्या पाचही संघांत नाईक होते.

बचाव म्हणजे आडवे पडून चेंडू काढून घेणे, असा पुष्कळांचा समज असतो. ते शेवटचे अस्त्र. तिथवर पाळी आली म्हणजे आधी कुठे तरी चुकलेले असते. खरे काम जागेचे. धावत येणाऱ्याला गोलाकडे वळू न देता हळूहळू बाजूच्या रेषेकडे ढकलत न्यायचे, म्हणजे रेषाच आपला एक गडी होते. शिवाय चौघांची फळी एका दमात पुढे सरकली पाहिजे, तर प्रतिपक्षाचा गडी पलीकडे राहून ऑफसाइड ठरतो. चौघांतला एक पाऊलभर मागे रेंगाळला की सारा डाव फसतो. साखळीतला एक हात सुटल्यावर काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आता हिशेबाची दुसरी बाजू. २००८ साली दिल्लीत भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरवून एएफसी चॅलेंज कप जिंकला आणि २०११ च्या आशिया चषकात प्रवेश मिळवला. तब्बल २७ वर्षांनी. दिल्लीतले सुनील छेत्रींचे तीन गोल सर्वांना आठवतात. त्या दिवशी मागच्या फळीत कोण होते, हे कितीजण सांगतील? पुढे दोह्याला गवळी भारतीय संघात होते. ऑस्ट्रेलियाने चार, बाहरीनने पाच, दक्षिण कोरियाने चार, असे १३ गोल तीन सामन्यांत भारतावर झाले. ही नोंद मात्र पक्की राहिली! बचावपटूच्या वहीत खर्चाचे पान असते, जमेचे नसते.

आणि ज्या घरासाठी उभे राहायचे तेच हलले तर? २०१५ साली धेंपो वरच्या गटातून खाली गेला. २०१६ साली दुसरा गट जिंकून परतण्याचा हक्क त्याने कमावला. पण त्याच वर्षी देशातल्या स्पर्धांची नवी मांडणी पुढे आली, जुन्या आय-लीगला दुय्यम जागा देणारी. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा बाहेर पडले, पाठोपाठ धेंपोही. रागाला कारण होते, हे मी मान्य करतो. परंतु त्याची झळ मालकांपेक्षा गावोगावच्या पोरांना अधिक लागली, असे माझे मत आहे. धेंपो आय-लीगमध्ये परतला तो २०२४ साली. प्रशिक्षक होते समीर नाईक.

गवळीही प्रशिक्षक झाले. ४ जुलै २०२३ रोजी बंगळूरला सॅफ स्पर्धेचा कुवेतविरुद्ध अंतिम सामना होता. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांच्यावर बंदी असल्याने रेषेपाशी गवळी उभे होते. सामना १-१ असा सुटला, पेनल्टींवर भारत ५-४ ने जिंकला. शेवटचा फटका गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांनी अडवला.