‘ॲनिव्हर्सरी’ या शब्दाच्या निमित्ताने
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाची निमंत्रणपत्रिका दोन भाषांत छापावयाची झाली की एक अडचण ठरलेली असते. इंग्रजी मजकुरात ‘ॲनिव्हर्सरी’ हा एकच शब्द भागवून नेतो. संस्थेची स्थापना असो, कोणाचा विवाह असो वा निधन असो, शब्द तोच. मराठी मजकूर लिहिणाऱ्याला मात्र आधी प्रसंग विचारावा लागतो.

लॅटिन भाषेत ‘ॲनस’ म्हणजे वर्ष आणि ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणे. दरवर्षी वळून परत येणारा दिवस, एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ. त्यात हर्ष नाही, शोकही नाही. मराठीने तेवढ्यावर समाधान मानले नाही. जन्माची जयंती, निधनाची पुण्यतिथी, घरातील माणसाचा वाढदिवस, संस्थेचा वर्धापनदिन. यातील ‘वाढ’ आणि ‘वर्धापन’ या दोहोंचे मूळ ‘वृध्’ या एकाच धातूत आहे. म्हणजे नुसते वर्ष उलटून चालत नाही, काहीतरी वाढलेले असावे लागते. दारावरची पाटी पन्नास वर्षे टिकली, तर ती ‘ॲनिव्हर्सरी’ निश्चित होते. वर्धापन होतेच असे नाही. मराठी माणूस लग्नाचाही ‘वाढदिवस’च करतो. तेथे काय वाढले, हे ज्याचे त्याने पाहावे!

पुण्यात या शब्दांची कसोटी वारंवार लागली आहे. सवाई गंधर्वांचे निधन 1952 साली झाले. पुढच्याच वर्षी पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. ‘पुण्यतिथी’ आणि ‘महोत्सव’ हे दोन शब्द पुणेकरांनी अनेक वर्षे एका दमात उच्चारले आणि कोणालाही ते विसंगत वाटले नाहीत. परंतु 12 जुलै 1961 या दिवसाचे काय? पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेच्या काठावरच्या पेठा पाण्याखाली गेल्या. 2011 साली त्या घटनेला पन्नास वर्षे झाली. त्याला सुवर्णमहोत्सव म्हणणे शक्यच नव्हते, आणि पुण्यतिथी म्हणावी तर एका व्यक्तीचे निधन ते नव्हे. तेथे ‘पन्नास वर्षे पूर्ण झाली’ असे सरळ सांगणे, एवढेच भाषेच्या हाती उरले.

ज्या ‘गोल्डन ज्युबिली’चे भाषांतर म्हणून ‘सुवर्णमहोत्सव’ रूढ झाला, त्यातील ‘ज्युबिली’चा इतिहासही पाहण्यासारखा आहे. हा शब्द हिब्रू ‘योबेल’ यावरून आला. त्याचा अर्थ मेंढ्याचे शिंग. सात गुणिले सात वर्षे सरली की पन्नासाव्या वर्षी ते शिंग फुंकावे, दासांना मुक्त करावे आणि विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबास परत द्यावी, अशी ज्यूंच्या धर्मग्रंथातील आज्ञा आहे. पन्नासावे वर्ष हे तेथे सत्काराचे नव्हते, परतफेडीचे होते. हार, श्रीफळ आणि स्मरणिका या गोष्टी फार नंतरच्या.

जैन परंपरेने या बाबतीत वेगळीच वाट काढली. तीर्थंकरांचे च्यवन, जन्म, दीक्षा, केवलज्ञान आणि निर्वाण या पाचही प्रसंगांना एकच नाव आहे, ‘कल्याणक’. 1974 साली भगवान महावीरांचा 2500 वा निर्वाण महोत्सव झाला, 2001 साली 2600 वे जन्मकल्याणक झाले, 2024 साली 2550 वा निर्वाण महोत्सव. जन्म आणि निर्वाण यांना एकच शब्द इंग्रजीतही आहे, पण तेथे तो दोहोंविषयी उदासीन आहे; येथे दोन्ही मंगल आहेत म्हणून शब्द एक आहे.

आणि ‘ॲनिव्हर्सरी’चा शब्दशः प्रतिशब्द शोधावयाचा, तर तो प्रत्येक श्रावकाच्या घरात आहे. संवत्सर म्हणजे वर्ष, त्यावरून ‘संवत्सरी’. श्वेतांबर परंपरेत ती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला किंवा पंचमीला येते. दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीचा दिवस असतो. ही ना कोणाची जयंती, ना कोणत्या वास्तूचा वर्धापनदिन. वर्षभरात कोणाचे मन दुखावले, याचे स्मरण तेवढे त्या दिवशी होते. व्यासपीठ नसते, प्रमुख पाहुणे नसतात. माणसे एकमेकांच्या दारी जातात आणि हात जोडून ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हणतात. सासरे सुनेला म्हणतात, शेठजी दुकानातल्या पोऱ्याला.