रुपयांचा जमाखर्च आणि तासांचा जमाखर्च



उन्हाळ्यातल्या अशा संध्याकाळी जमलेल्या श्रोतृवृंदापुढे काव्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञान यांपैकी एखादा रसाळ विषय मांडण्याची या शहराची जुनी रीत असताना, सार्वजनिक संस्थेचे अंदाजपत्रक आणि तेथील नोकरवर्गाचे कामाचे तास असा वरकरणी रुक्ष विषय मी निवडला. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली ज्या पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्या पुण्यात जमाखर्चाचा विचार हा लोकशिक्षणाचाच भाग मानला गेला आहे, आणि आज तो विचार अर्धवट राहिला आहे असे मला मनापासून वाटते. सार्वजनिक संस्थेच्या हवाली दोन प्रकारचे धन असते: करदात्याने दिलेला पैसा आणि नोकराने दिलेला वेळ. पहिल्याचा हिशेब आपण पैपर्यंत ठेवतो. दुसऱ्याची हजेरी तेवढी ठेवतो, आणि हजेरी घेतली की हिशेब झाला असे समजून चालतो.

पैशाच्या हिशेबाची या शहराची परंपरा मोठी आहे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरातून वर्षारंभी महालोमहालच्या मामलेदारांना बेहेडा बांधून दिला जाई. त्यात अपेक्षित वसूल, मंजूर खर्च आणि त्या खर्चात शिबंदीच्या व कारकुनांच्या नेमणुका नमूद असत. आणि वर्षाअखेर हिशेब हुजुरात आले की एकबेरीज दफ्तरातले कारकून त्यांचे तर्जुमे, म्हणजे गोषवारे, करीत. कौन्सिल हॉलजवळच्या पुरालेखागारात आजही जपून ठेवलेले या दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पाहिले म्हणजे मनात येते, की नेमलेला माणूस आणि नेमलेली रक्कम ही एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिण्याची ती दृष्टी किती शहाणपणाची होती!

पुढे नगरपालिका आली आणि प्रश्न बदलला: पैसा कशावर खर्चावा, हे ठरविणार कोण? 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव पुणे नगरपालिकेपुढे आला, तेव्हा सभासद असलेल्या महात्मा जोतीराव फुल्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. ती रक्कम शिक्षणाकडे लावावी असे त्यांचे म्हणणे होते. भव्य मंडईच्या बांधकामावर मोठी रक्कम घालण्यासही त्यांनी असाच विरोध केला, आणि आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे. अंदाजपत्रकातील प्रत्येक रकमेपाठीमागे डावलली गेलेली दुसरी एखादी गरज उभी असते आणि तिच्या वतीने बोलणारा निदान एक तरी आवाज सभागृहात असला पाहिजे, हा धडा त्या एका मताने घालून दिला. नामदार गोखल्यांनी 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावरील पहिले भाषण केले, तेव्हा त्यांनीही तिजोरीतल्या शिलकेलाच हात घातला आणि विचारले, प्रजा दैन्यात असताना ही शिल्लक अभिमानाची कशी? हेच गोखले पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

गोखल्यांचा तो प्रश्न मी आज माणसांच्या बाबतीत विचारू इच्छितो. मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, त्यांवरचे वेतन वाचले आणि ती रक्कम वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळविली, की कागदावर ती बचत दिसते. परंतु काम तर वाचलेले नसते. ते ‘अतिरिक्त कार्यभार’ या नावाने शेजारच्या टेबलावर जाऊन बसते. एकाच्या आठ तासांत दोघांचे काम कोंबले जाते. मग फायली तुंबतात, नागरिक खेटे घालतात, आणि दोष मात्र त्या टेबलामागच्या माणसाच्या माथी येतो. आस्थापनेवरचा खर्च आटोक्यात ठेवला म्हणून ज्या अधिकाऱ्याची प्रशंसा होते, त्याने रुपये वाचविताना तास कोणाच्या पदरचे खर्चिले, हे विचारण्याची सोय आपल्या कोणत्याही तक्त्यात नाही.

मार्चअखेर हे या विसंगतीचे सर्वांत ठळक दर्शन. 31 मार्चला वर्ष संपते आणि अखर्चित तरतूद हातची जाते, हे सर्वांना ठाऊक असते. तरी फेब्रुवारी उजाडेपर्यंत निम्मी कामे कागदावरच राहतात आणि मग एकाएकी रस्ते खणले जातात. लोक याला सरसकट गैरव्यवहार म्हणतात. गैरव्यवहार असेल तेथे तो शोधून काढलाच पाहिजे. पण त्याखेरीज येथे एक साधे गणितही चुकलेले असते. एका गल्लीतल्या काँक्रीटच्या कामाचे उदाहरण घ्या. कनिष्ठ अभियंत्याने अंदाज तयार करावयाचा, मंजुरी घ्यावयाची, टेंडर काढावयाचे, काम चालू असता जागेवर उभे राहावयाचे, मोजमाप पुस्तकात लांबी-रुंदी-जाडी उतरवावयाची, उपअभियंत्याने त्यातली काही मापे पुन्हा ताडून पाहावयाची, मग बिल लेखा विभागात, तेथून तपासणीस, आणि शेवटी अदा. यांतल्या प्रत्येक पायरीला कोणा एका माणसाचे ठरावीक तास लागतात. तरतूद करताना रक्कम किती हे पाहिले जाते. अशी किती कामे त्या एका अभियंत्याच्या वर्षात बसतील, हे पाहिले जात नाही. परिणामी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोजमाप पुस्तकाची पाने रात्री उशिरापर्यंत भरली जातात, आणि ज्या जाडीची खातरजमा पायाने व पट्टीने करावयाची ती खुर्चीत बसून होते. उद्या त्या रस्त्यावर पडणाऱ्या खड्ड्याचे एक कारण या न मोजलेल्या तासांत असते.

वर्षाला एका नोकराचे तास असतात तरी किती? महाराष्ट्र शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा हा हिशेब प्रथमच लोकांपुढे स्वच्छ मांडला गेला. पूर्वी वर्षाचे सरासरी 288 कामाचे दिवस आणि रोजचे सव्वासात तास, म्हणजे 2,088 तास. नव्या व्यवस्थेत 264 दिवस आणि रोजचे आठ तास, म्हणजे 2,112 तास. सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा, मध्ये अर्धा तास भोजनाचा. वर्षाला 24 तास वाढले. मला ही सुधारणा योग्य वाटते. दोन दिवसांची सलग विश्रांती मिळालेला माणूस उरलेल्या पाच दिवसांत अधिक उमेदीने काम करतो, यावर माझा विश्वास आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून 1890 साली रविवारची सुट्टी मिळविली, तेव्हा मालकांनाही उत्पादन बुडण्याचे भय वाटलेच होते. परंतु 2,112 हा आकडा म्हणजे केवळ बेरीज आहे. त्यातून सार्वजनिक सुट्ट्या, किरकोळ आणि अर्जित रजा वजा कराव्या लागतात. मग निवडणुकीचे काम, पंचनामे, बैठका, अर्जांची उत्तरे. आणि या सर्वांतून जे उरेल ते त्या माणसाच्या मूळ कामाचे. ही वजाबाकी कोणी करीत नाही.

पाच दिवसांच्या आठवड्यातून अत्यावश्यक सेवा वगळल्या गेल्या: रुग्णालये, पोलीस, अग्निशमन, पाणीपुरवठा, सफाई. या लोकांचे तास घड्याळाने नव्हे, शहराच्या गरजेने ठरतात. कचेरीतला कारकून पावणेदहाला येतो, पण पेठेतल्या आरोग्य कोठीवर मुकादमाची हजेरी भल्या सकाळी सुरू होते. खराटे, ढकलगाड्या, पावसाळा असेल तर रेनकोट यांची वाटणी होते, आणि शाळेत निघालेल्या मुलांनी रस्त्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी तो रस्ता झाडून झालेला असतो. मुकादमाला आपल्या हद्दीतली प्रत्येक गल्ली ठाऊक असते, आणि कोणत्या बिगाऱ्याला ती झाडायला किती वेळ लागतो हेही. तासांचे अंदाजपत्रक बांधण्याचे खरे ज्ञान त्याच्यापाशी आहे. ते त्याला विचारण्याची पद्धत मात्र नाही.

आता शहराच्या वाढीकडे पाहा. 15 फेब्रुवारी 1950 रोजी पुण्यात महानगरपालिका स्थापन झाली आणि स. गो. बर्वे पहिले आयुक्त झाले, तेव्हाचे पुणे आणि आजचे पुणे यांत केवढे अंतर! 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे हद्दीत घेतली गेली. त्यांपैकी दोन पुढे वेगळी झाली, तरी उरलेल्या गावांचे रस्ते, गटारे, दिवे आणि पाणी हे सारे एका रेघेसरशी पालिकेच्या पदरात पडले. अंदाजपत्रकही फुगले: 2023-24 साठी 9,515 कोटी, 2024-25 साठी 11,601 कोटी, 2025-26 साठी 12,618 कोटी, म्हणजे दोन वर्षांत सुमारे एक तृतीयांश वाढ. मार्च 2022 मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपल्यामुळे ही तिन्ही अंदाजपत्रके प्रशासकानेच मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली. हजार रुपयांसाठी एकट्याने उभा राहणारा सभासद त्या काळात असणेच शक्य नव्हते. या वाढीव कोटींची कामे पार पाडणारे तास कोठून येणार, हा प्रश्न विचारणाराही मग राहिला नाही.

आणखी एका वर्गाविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही. पुण्यातल्या लक्षावधी घरांच्या दारातून कचरा उचलणाऱ्या कष्टकरी स्त्रियांपैकी पुष्कळ जणी ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. 1993 साली स्थापन झालेल्या कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीच्या चळवळीतून ही संस्था उभी राहिली आणि 2008 साली तिचा महानगरपालिकेशी करार झाला. त्यांना घरोघरच्या मासिक शुल्कातून आणि विकलेल्या भंगारातून प्राप्ती होते. त्या पालिकेच्या आस्थापनेवर नाहीत, म्हणून त्यांचे तास कोणत्याच मस्टरवर नाहीत. आणि तरीही त्यांनी वेगळे काढलेले प्रत्येक किलो वाहून नेण्याचा व जिरविण्याचा खर्च पालिकेचा वाचतो. जो श्रम शहराच्या तिजोरीत रोज अशी भर घालतो, त्याची नोंद शहराच्या हिशेबात नसावी, हे मला अन्यायाचे वाटते.

माझी सूचना लहान आहे, आणि ती एकदम साऱ्या शहरात राबवावी असा आग्रह नाही. महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांपैकी एक निवडावे. तेथील पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकास एक जादा तक्ता जोडावा: प्रत्येक कामापुढे रक्कम, आणि त्या रकमेशेजारी ते काम तडीस नेणाऱ्या अभियंत्याचे, लेखनिकाचे, मुकादमाचे व बिगाऱ्याचे अपेक्षित तास, रिकाम्या जागा वेगळ्या शाईने, करारावरचे आणि सहकारी संस्थांचे श्रम स्वतंत्र सदरात. तास पुरत नसतील तर जानेवारीतच कामे कमी करावीत किंवा जागा भराव्यात, आणि दर तिमाहीस हा तक्ता प्रत्यक्षाशी ताडून क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावा. तासांचे आकडे वरून लादू नयेत. आरोग्य कोठीवरच्या मुकादमाला आणि जागेवरच्या कनिष्ठ अभियंत्याला समोर बसवून ते ठरवावेत. मग तो तक्ता अंदाजपत्रकासोबतच स्थायी समितीपुढे जावा, आणि मुख्य सभेत रुपयांच्या रकान्यावर जेवढी चर्चा होते, तिच्या चौथाईइतकी तरी या शेजारच्या रकान्यावर व्हावी.